शंभर पेशी

मी कुणाचं ऐकत नाही, हे आधीच सांगून टाकते. सव्वीस वर्षं एकाच खोलीत, एकाच यंत्रासमोर बसलं की माणूस असा होतो. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवलेला असतो. त्या मेणाच्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याचे पातळ काप करायचे, हे माझं काम. पातळ म्हणजे किती? डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत पंधरा-सोळा बसतील इतके. काप कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर उचलायचा, रंगवायचा. मग आमच्या डॉक्टर मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि काय आहे ते लिहितात. लोकांना वाटतं, रोग डॉक्टर शोधतात. शोधत असतील, पण आम्ही त्यांच्यापुढे दिसण्याजोगं काही ठेवतो तेव्हा.

खोलीत आम्ही दोघं. दुसरा तुफान. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, ते तिथेच राहू दे. माझ्याइतकाच जुना, पण घाई अशी की जणू बाहेर गाडी सुटतेय. यंत्राचं चाक दोनदा फिरवलं की तिसऱ्याला काप घेणार. मग तुकडा अर्धा उघडा, अर्धा मेणातच. माझं तसं नाही. मी वरचा थर खरवडत खाली जाते, तुकड्याचा पूर्ण चेहरा वर येईपर्यंत. मग असा काप निघतो की मॅडम म्हणतात, "हा तुमचा, विचारायला नको." हे ऐकायला मला आवडतं. कुणाला आवडत नाही? तुफानच्या कापांना मी उंदरानं कुरतडलेले म्हणायची, तेही त्याच्या तोंडावर. तो हसून म्हणायचा, "बाई, मॅडमना चित्र नको असतं, उत्तर हवं असतं." मी नाक मुरडायची.

आमच्या खोलीत एक रीत आहे. आपल्या माणसाचा ब्लॉक आपण कापायचा नाही. कागदावर कुठे लिहिलेलं नाही, पण ज्यांनी आम्हाला हे काम शिकवलं ते मोठे सर सांगून गेले. घरचं कुणी आलं की ब्लॉक शेजारच्याकडे सरकवायचा आणि बाहेर जाऊन चहा पिऊन यायचं. तुफानच्या सासूचा ब्लॉक मी कापला होता. माझ्या नवऱ्याच्या पाठीवरची गाठ तुफाननं कापली, साधी चरबीची निघाली. मला मात्र ही रीत म्हणजे नुसता भाबडेपणा वाटायचा. हाताला काय कळतंय नातंगोतं!

माझा धाकटा भाऊ गाडी चालवायला शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीसुद्धा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. "क्लच सोडा, हळू, अहो हळू, काय दुश्मनी आहे का त्याच्याशी?" आई म्हणायची, याच्या जिभेला हाड नाही. त्याच जिभेला दोन वर्षांपूर्वी गाठ झाली. अर्धी जीभ काढली, किरणं दिली. बोलणं बोबडं झालं, तरी गडी थांबला नाही. "मी ओरडतो ते आता त्यांना कळतच नाही, त्यामुळे घाबरत नाहीत, त्यामुळे लवकर शिकतात," असं तोच सांगायचा आणि तोच हसायचा. आम्ही म्हटलं, चला, सुटलो.

मग मानेत उजव्या बाजूला ती परत आली.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं, मास्तर, माझी भावजय आणि मी. गाठ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती, त्यामुळे ऑपरेशनचं नाव नको. नेहमीचं औषध देता येईल, पण त्यानं फार तर काही महिने. मग ते माझ्याकडे वळले. "एका नव्या औषधाचा अभ्यास आपल्याकडे चालू आहे, ठरावीक रोग्यांना ते देऊन बघतात. त्यात नाव घालता आलं तर बघू. काय लागतं ते तुम्हाला माहीतच आहे."

माहीत नसायला काय झालं? चार वर्षं आम्ही दुसरं काय रंगवत होतो? घरी जाताना मी भावजयीला समजावलं. "आपल्या अंगात पहारेकरी पेशी असतात. त्या गाठीपाशी जातात, पण गाठीच्या पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं. ओळखपत्रच समज. ते बघून पहाऱ्याला वाटतं, घरचीच माणसं आहेत, जाऊ देत. हे औषध ते ओळखपत्रच झाकून टाकतं."

"म्हणजे ते प्रथिन वाईटच ना, वन्सं?"

"वाईट. पण असलेलं बरं. नसेल तर औषध झाकणार काय?"

"काय बाई तुमचं शास्त्र! चोरानं घरच्याच माणसाचा कोट घातलेला असू दे म्हणून देवाला हात जोडायचे."

मास्तर पुढे चालत होता, तो फस्सकन हसला. तेव्हा तो चालत होता. दवाखाना ते घर, अख्खा रस्ता.

ते प्रथिन आम्ही तपकिरी रंगवतो. मॅडम रंगलेल्या पेशी मोजतात, शंभरातल्या जितक्या रंगल्या तितके गुण देतात. अभ्यासात जायला वीस गुण लागत. मॅडमच्या टेबलामागे आमच्याच जुन्या काचांवरून काढलेला एक आलेख चिकटवलेला होता. दोन रेषा, महिन्यागणिक किती माणसं जिवंत उरली त्याच्या. वीसची अट यायच्या आधी औषध मिळालेल्यांपैकी कमी रंगाचे खालच्या रेषेवर, ती भराभर उतरत जाते. जास्त रंगाचे वरच्या रेषेवर. तीही उतरतेच, पण हळू, आणि शेवटी थोडीशी आडवी होऊन थांबते. त्या थांबलेल्या भागात जी माणसं आहेत ती अजून जेवतात, भांडतात, जगतात. मला मास्तर तिथे हवा होता. आणखी दोन अटी होत्या. काचेवर गाठीच्या निदान शंभर पेशी दिसायला हव्यात, नाहीतर मोजणी धरत नाहीत. आणि रोगी स्वतःच्या पायांनी हिंडता-फिरता हवा, अंथरुणाला खिळलेला चालत नाही.

जाड सुईनं मानेतून तीन तुकडे काढले. दोऱ्यासारखे बारीक, नखाएवढे लांब. रक्त थांबायला पाऊण तास लागला. सुई घालणारे डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "परत घालायची वेळ आणू नका म्हणजे झालं."

दोन दिवसांनी ब्लॉक आमच्या खोलीत आला. तुफाननं हात पुढे केला. "द्या इकडे. आणि चहाला जा."

मी ब्लॉक उजेडाकडे धरून बघितला. तीन दोरे, तिन्ही मेणात वेगवेगळ्या खोलीवर. दोन वर, एक खाली. मनात आलं, हा घाईघाईत वरचेच दोन अर्धेमुर्धे घेईल, मॅडमना निम्मंच दिसेल, गुण दोन-चारनं हुकतील. दोन-चारनं माझा भाऊ जाईल.

"मी कापते," मी म्हटलं.

"बाई, रीत आहे."

"रीत गेली खड्ड्यात. हा ब्लॉक उंदराला द्यायचा नाहीये मला."

त्यानं हात मागे घेतला. त्याच्या सासूच्या वेळी तो मुकाट्यानं उठून गेला होता, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

मी नवं पातं लावलं. चाक फिरवायला लागले. वरचे दोन दोरे उघडे पडले, छान, गुलाबीसर. दुसऱ्या कुणाचा ब्लॉक असता तर मी तिथेच थांबून आधी दहा काप घेतले असते. एवढ्याशा तुकड्याला खरवडायचं नसतं, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवते. पण तिसरा दोरा अजून मेणात होता आणि मला तिन्ही हवे होते, एका काचेवर, पूर्ण. माझ्या भावाचं काम, त्यात अर्धंमुर्धं काही राहायला नको. आणखी एक फेरा, आणखी एक. तिसरा वर आला, सुरेख, अखंड. मी मान खाली घालून पाहिलं तर पहिले दोन संपले होते. होते तिथे नुसतं मेण.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी यंत्राखालच्या ताटलीतली मेणाची भुकटी टेबलावर ओतली आणि चिमट्यानं चाळायला बसले. त्यात काय सापडणार? तरी चाळत होते. तुफान उठला, खोलीचं दार लावून घेतलं आणि माझ्या शेजारी बसून तोही चाळू लागला. बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

उरलेल्या दोऱ्याचे काप रंगवले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोघांना बघता येतं त्या सूक्ष्मदर्शकाशी मला बसवलं. तिसरा दोरा बहुतेक सगळा स्नायूचा होता. एका टोकाला गाठीच्या पेशींचा छोटासा पुंजका. जवळजवळ प्रत्येक पेशीला तपकिरी कड, कपाच्या काठाला चहाचा डाग राहतो तशी.

"अठ्ठावन्न आहेत," मॅडम म्हणाल्या. "त्यातल्या पन्नास रंगल्यात."

"म्हणजे वरची रेषा."

"बहुतेक. पण अठ्ठावन्नच आहेत."

"मॅडम, शंभर लिहा."

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्यासाठी लिहीनही, एवढी वर्षं आहात तुम्ही. पण अभ्यासवाले ब्लॉक मागवून स्वतः मोजतात. त्यांना काय पाठवू? मेण?"

त्यांनी लिहिलं, नमुना अपुरा, पुन्हा घ्यावा.

डॉक्टरांनी मास्तरला तेवढंच सांगितलं. परत सुई घालता येईल, धोका आहे, ठरवा आणि कळवा. घरी आल्यावर भावजयीनं सुईवाल्या डॉक्टरांचा उद्धार केला. "हात मोडला होता का त्यांचा? एवढं रक्त काढलं आणि तुकडा म्हणे अपुरा!" मी समोर बसून होते. मूग गिळून बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मास्तर मात्र शांत होता. त्याचं बोबडं बोलणं आम्हाला नीट समजायचं. म्हणाला, "नको सुई."

"अहो, नको काय?"

"ताईनं स्वतःच कापलं असणार. तिच्या हातून वाया जात नाही काही. तिला सापडलं नाही म्हणजे त्या गाठीत सुईला लागण्यासारखं काही नाहीच. परत टोचून काय निघणार? उगाच मान कशाला भोकं पाडून घेऊ?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हो ना, ताई?"

मी म्हटलं, "बघू."

एवढंच. तिथल्या तिथे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. दोन दोरे मी घालवले, सुई घे. पण त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि माझी जीभ टाळूला चिकटली. आमच्या घरात मला कधी कुणी शाबास म्हटलं नाही. आई नाही, बाप नाही, नवरा तर नाहीच. हा एकटा, शिकाऊ मुलींना गाडीत सांगायचा, "माझी बहीण बघा, केसाचे काप करते, तुम्हाला गाडी उभी करता येत नाही?" त्याला सांगायचं की त्याच बहिणीनं तुला खरवडून कचऱ्यात टाकलं? उद्या सांगते, म्हटलं. आज तो दमलाय. उद्या भावजय घरात नसेल. परवा त्याला ताप होता.

असे अकरा दिवस गेले. मी रोज जायची. पहिल्या दिवशी मास्तर मला सोडायला फाटकापर्यंत आला. चौथ्या दिवशी दारापर्यंत. घास गिळवेना म्हणून नाकातून नळी घातली. आठव्या दिवशी भिंत धरून न्हाणीघरात गेला आणि येताना मधेच बसला, म्हणाला, "इंजिन तापलंय, जरा थांबू." भावजय हसली. मीही हसले. रोज हे डोळ्यांनी बघत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते. मला सगळं कळत होतं. ते कळत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

अकराव्या दिवशी तुफाननं विचारलं, "बाई, सांगितलंत?"

"नाही."

"मी येऊ? मी सांगतो. तुम्हाला मोजून शिव्या घालत सांगतो, तुम्हालाही बरं वाटेल."

मी अंगातला पांढरा डगला काढला आणि तशीच गेले.

मास्तर खाटेवर उशीला टेकून होता. भावजय नळीतून पेज ओतत होती. मी उभ्यानंच सांगितलं. "सुई बरोबर लागली होती. तिन्ही तुकडे आले होते. दोन माझ्या हातून गेले, मी नको इतकं खरवडलं. जे उरलं ते जवळजवळ सगळं रंगलं होतं. औषध लागू पडण्याजोगं आहे तुझं. परत सुई घे."

भावजयीनं भांडं खाली ठेवलं. कापलं कसं, चुकलं कसं, यातलं तिनं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "अकरा दिवस, वन्सं?"

मास्तर माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय वाटत होतं, मला आजही ठाऊक नाही. मग म्हणाला, "गाढव आहेस, ताई. उद्याच जाऊ."

मला रडू फुटलं. त्यानं समजूत काढली नाही, आणि बरोबरच केलं.

दुसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून त्याला नेलं. सुई घातली. या वेळी रक्त पाऊण तासात थांबलं नाही, पाच तास लागले. दोन बाटल्या रक्त चढवलं आणि वॉर्डात ठेवून घेतलं. ब्लॉक आला तेव्हा मी न सांगता उठले, बाहेर जाऊन चहा घेतला. प्यायला नाही, नुसता हातात धरून उभी राहिले. परत आले तेव्हा तुफानचे काप पाण्यावर तरंगत होते. वेडेवाकडे, अर्धे उघडे, एका बाजूला फाटलेले. ब्लॉकमध्ये अजून भरपूर शिल्लक. इतके कुरूप आणि इतके चांगले काप मी कधी बघितले नव्हते.

मॅडमनी चारशेच्या वर पेशी मोजल्या आणि थांबल्या. गुण नव्वद. मी तो कागद घेऊन पळत जिने चढले, या वयात, दोन-दोन पायऱ्या.

डॉक्टरांनी कागद वाचला. परत वाचला. मग टेबलावर पालथा ठेवला. "मी आत्ताच वॉर्डातून येतोय. त्यांना उठून बसवायलाच दोन माणसं लागली."

"रक्त गेलं म्हणून. चार दिवसांत उभा राहील तो."

"नुसतं रक्ताचं नाही ते. गाठ दुपटीनं वाढलीय, छातीतही उतरलीय. अभ्यासात असा रोगी घेता येत नाही मला. आणि अभ्यासाबाहेर हे औषध कुठे मिळत नाही."

"पण नव्वद आहेत!"

"आहेत," ते म्हणाले. "पंधरा दिवसांपूर्वी चालत आले होते ना तुमचे भाऊ? तेव्हा हा कागद असता तर तिथल्या तिथे सही केली असती मी."

त्यांना माझं काही माहीत नव्हतं. ते सहज बोलून गेले. मी त्यांच्यासमोर उभी राहून मनातल्या मनात हिशेब करत बसले. पहिला ब्लॉक घालवला त्याच्या दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं असतं तर दुसरी सुई त्याच आठवड्यात झाली असती, तो फाटकापर्यंत चालत असताना. चूक कुणाच्याही हातून होते. मोठ्या सरांच्याही झाल्या. पण ते अकरा दिवस चुकीमुळे गेले नव्हते, माझ्यामुळे गेले. माझं नाक वर राहावं म्हणून मी भावाच्या आयुष्यातून घेतलेले.

डॉक्टर म्हणाले, "मी सांगू त्यांना?"

"नको. मी सांगते. आत्ताच."

वॉर्डात मास्तर डोळे मिटून पडला होता. भावजय पायथ्याशी बसून त्याचे तळवे चोळत होती. माझी चाहूल लागताच त्यानं डोळे उघडले. बोलवत नव्हतं त्याला, घशाला सूज होती. नुसती भुवई उडवली. किती?

"नव्वद," मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू! शाळेत असताना हा पोरगा कधी पस्तिसाच्या वर गेला नाही. बापाचा मार, माझी टिंगल, सगळं त्यापायी. आता उशीवरच मान हलवून त्यानं बायकोला खुणावलं, ऐकलंस का? दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढले. एक अंगठा मिटून नऊ बोटं वर धरली. मग एक मूठ, शून्यासाठी. मग परत नऊ बोटं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा बघत होते, त्यांनाही दाखवली.

"मग औषध कधीपासून, वन्सं?" भावजय उठून उभी राहिली. मी कबूल केलं त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून बोलली.

"देणार नाहीत," मी म्हटलं. "उशीर झाला. चालता येत असताना द्यायला हवं होतं. माझ्यामुळे झालं."

सांगायला एवढाच वेळ लागतो.

नऊ बोटं तशीच वर होती. भावजयीनं ती एकेक करून मिटली, त्याचे हात पांघरुणात घातले आणि कडा नीट खोचल्या. मास्तर माझ्याकडेच बघत होता, मी अजून पुढे काही बोलणार आहे अशा नजरेनं. पुढे काही नव्हतं.